बातम्यांच्या वहीचा चौथा रकाना

तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? एकानं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघू. दुसऱ्यानं तेच सांगितलं तर कान टवकाराल. तिसऱ्यानंही तेच सांगितलं, की डोळे मिटून हो म्हणाल. बरोबर ना? मीही तशीच होते. मी एक वही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, दोनशे पानांची. माझ्या पहिल्या पानाचा कोपरा चिकटपट्टीनं जोडलेला आहे. तो कसा फाटला, तेच सांगायचंय.

बांधणीवाल्यानं मला शिवली ती दुकानातल्या मालाची नोंद ठेवायला. मला घेतलं ते खिळे, बिजागऱ्या आणि कुलपं विकणाऱ्या एका गृहस्थानं. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात. शाळा चौथीत सुटली, पण वाचनाचं वेड सुटलं नाही. माल ज्या रद्दीत बांधून यायचा, तिच्यावरची बातमीसुद्धा ते वाचून काढायचे आणि मगच कागदाची घडी घालायचे. पुढे मोबाइल हातात आला आणि त्यांनी जगाच्या बातम्यांवर वाद घालणारा एक ऑनलाइन कट्टा सुरू केला. बघता बघता चारशे माणसं जमली. युद्ध कुठे, भूकंप कुठे, खुर्चीवरून कोण उतरलं. जो तो बाह्या सरसावून हजर.

"बिजागरी घेताना मी ती दहा वेळा उघडझाप करून बघतो," काका म्हणाले, "मग बातमी काय न बघताच घ्यायची?"

आणि त्यांनी माझ्यावर रेघा मारून तीन रकाने पाडले. बातमी कोणी आणली. कुठून आणली. शेवटी काय निघाली. प्रत्येक बोलक्या सभासदाला एक पान. तीन वेगवेगळ्या माणसांकडून तीच गोष्ट आली, की काका कट्ट्यावर तिच्याखाली एकच शब्द लिहीत: पक्की. लोक म्हणायचे, लागलं कुलूप.

मास्तरांनी एकदा कुठल्याशा बुडालेल्या शहराचा फोटो टाकला. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. जगाचा नकाशा तोंडपाठ. "कालचाच आहे, ताजा," म्हणाले. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, या पाटीवर टाइपरायटर दुरुस्त करून मिळतील असं लिहिलंय. काल कोण गेलं होतं हो टाइपरायटर घेऊन?" मास्तर आठवडाभर कट्ट्याकडे फिरकले नाहीत.

माझं पहिलं पान काकांच्या स्वतःच्या नावाचं. सहा वर्षांत त्याच्या तिसऱ्या रकान्यात एकदाही 'खोटी' आलं नव्हतं. गिऱ्हाइकांना ते पान दाखवताना त्यांची छाती फुगायची. खरं सांगते, माझीही.

मग तो आठवडा आला. काकांची धाकटी बहीण दुकानाच्या वर राहते. तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळतो. रोज सकाळी त्याचा निरोप यायचा. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी ती जिना उतरून आली. "दादा, तुझ्या कट्ट्यावर विचार ना कोणाला तरी."

जहाज जिथे जाणार होतं त्या बंदराचं नाव लिहून काकांनी विचारलं, "तिथे काही आगबिग तर लागली नाही ना? कोणी ऐकलंय का?"

आगच का, देव जाणे. मन चिंती ते वैरी न चिंती.

दुपारी मास्तरांनी लिहिलं, "त्या बंदरात आग. अगदी खात्रीच्या माणसाकडून." चार वाजता औषधवाल्यानं लिहिलं, "माझ्या दुसऱ्या एका गटातही हेच आलंय." पाचच्या सुमाराला शिंपी म्हणाला, "गिऱ्हाइकाचा भाऊ सांगतो, जहाजं पेटलीत." तीन माणसं, तीन वाटा. नियम म्हणजे नियम. काकांनी लिहिलं: पक्की.

बहीणही कट्ट्याची सभासद आहे, हे ते त्या घटकेला विसरले.

जिन्यावर पावलं वाजली. ती आत आली आणि खिळ्यांच्या खोक्यावर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू लिहिलंस म्हणजे झालंच असेल ना रे?"

त्या प्रश्नानं काका मुळापासून हलले. खोटा माल हाती आला, तर शहाणा व्यापारी कपाळावर हात मारून बसत नाही. कोणी कोणाकडून उचलला, ते विचारत मागे मागे जातो. काकांनी फोन उचलला. शिंप्याच्या गिऱ्हाइकाचा भाऊ औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना ऐकून आला होता. औषधवाल्याच्या त्या दुसऱ्या गटात बातमी टाकली होती मास्तरांनी. उरले मास्तर.

"मास्तर, तुमचा तो खात्रीचा माणूस कोण?"

"अहो, तुम्हीच की," मास्तर म्हणाले. "तुमच्यासारखा माणूस उगाच विचारतो का? म्हटलं, आतली खबर असणार."

तिन्ही वाटा फिरून आमच्याच दुकानात आल्या होत्या.

काकांनी माझं पहिलं पान उघडलं. कोपरा चिमटीत धरला. मला वाटलं, पान उलटतील. पण चर्र झालं, आणि माझ्या काळजातही.

"फाड," बहीण म्हणाली. "पण मग उद्या तो सुखरूप आहे असं सांगशील, ते मी कशाच्या जोरावर मानू, दादा?"

चिमूट सुटली. काकांनी पेन उचललं आणि लिहिलं. कोणी आणली: मी. कुठून: माझ्याच भीतीतून. काय निघाली: खोटी. त्या पानाचा फोटो त्यांनी कट्ट्यावर टाकला.

"काका, तुम्हीच चुकलात तर आम्ही कोणाकडे बघायचं?" शिंप्यानं विचारलं.

"सांगणाऱ्याला कोणी सांगितलं, तिकडे," काका म्हणाले, आणि आणखी एक रेघ ओढून त्यांनी माझ्यावर चौथा रकाना पाडला: त्याला कोणी सांगितलं.

संध्याकाळी जहाजाच्या कंपनीतून फोन आला. बंदरात जागा नाही म्हणून जहाज बाहेर थांबलंय, संपर्काचं यंत्र बिघडलंय, सगळे ठीक आहेत. बहिणीनं शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि त्यांना कोणी?" बिचारा कारकून गडबडला. खरी बातमी दारात आली होती आणि तिला आत घ्यायला कोणी धजत नव्हतं.

दोन दिवस ती सकाळी येऊन त्या खोक्यावर बसायची, ते दुकान बंद होईपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्याचाच आवाज आला. "अगं, यंत्र बंद होतं. आग? कसली आग?"

तरी तिनं विचारलं, "आपल्या न्हाणीघराच्या कडीला काय झालंय, सांग."

"वरचा स्क्रू बसवायचा राहिलाय. माहितेय गं. आल्यावर बसवतो."

तेव्हा कुठे ती रडली.

आग मात्र अजून विझलेली नाही. परवाच लांबून कोणाचा तरी फोन आला, "त्या बंदरात जहाजं पेटली म्हणे; तुमच्याकडूनच पक्की झालीय." काकांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "हो का? पण आमच्याकडे तर तीन जणांनी सांगितलं." फोन वाजला की हल्ली माझी पानं थरथरतात. नवऱ्याचा निरोप तासभर लांबला तरी बहीण खाली येते, चिकटपट्टीवरून बोट फिरवते आणि मग खोक्यावर बसते.

माझी आता आठ-दहा पानंच कोरी उरली आहेत. म्हणून जाता जाता एवढंच मागते. तुमच्याकडे वही नसेल, पण मोबाइल आहे. बातमी पुढे सरकवण्याआधी चारही रकाने भरून बघा, आणि एक पान स्वतःच्या नावाचं ठेवा. त्यावर जे लिहावं लागेल, ते खरं लिहा. फाडू मात्र नका.