मला मागच्याच स्टॉपवर उतरायचं होतं

"मावशी, तुम्ही जरा उशिरा मरा."

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या कानसेनचा आवाज हेडफोनमध्ये आला. "बाकीचे पाण्यात पडल्यावर मरतायत, तुम्ही पुलावरच आटोपताय. पुन्हा घेऊ."

मावशींनी मान डोलावली, घोटभर कोमट पाणी घेतलं आणि पुन्हा मरायला उभ्या राहिल्या.

बाहेरच्या भाषांतले सिनेमे आपल्या भाषेत आणणाऱ्या त्या स्टुडिओत मावशी 'गर्दी' होत्या. हिरोला आवाज देणारा माणूस वेगळा असतो, त्याला मधाचं पाणी आणि बसायला गुबगुबीत खुर्ची मिळते. हिरोच्या मागेपुढे जी माणसं सैरावैरा धावतात, ढिगाऱ्याखालून कण्हतात, आकाशाकडे बोट दाखवून "तो बघा, तो आला" म्हणतात, ती सगळी मावशी आणि त्यांच्यासारखे आणखी चारपाच जण एका माइकभोवती कोंडाळं करून व्हायचे. गर्दीला संवाद लिहून देत नाहीत. पडद्यावर तोंडं उघडी दिसली की तोंडाला येईल ते ओरडायचं. वाचवा, पळा, नाहीतर कुणाचं तरी नाव. मावशी बहुतेक वेळा घरमालकाचं नाव घेऊन किंचाळत. त्याला त्यांनी आजवर अनेकदा बुडवला होता, जाळला होता, आणि एकदा तर हिरव्या राक्षसाकडून चिरडूनही घेतला होता.

आज मात्र त्यांची वेळ चुकत होती, आणि का चुकत होती ते त्यांना कळत होतं. पडद्यावर पुलाचा कठडा तुटला की त्या डोळे मिटत होत्या. गर्दीत काम करणाऱ्यानं डोळे मिटले की संपलंच, कारण समोर बघूनच ओरडायचं असतं.

लाल दिवा लागला. मावशींनी या वेळी डोळे उघडे ठेवले. बस कठड्याला धडकली, पुढची चाकं हवेत गेली, आणि मावशींच्या तोंडून घरमालकाचं नाव आलंच नाही.

"भुंग्या!"

बस पाण्यात गेली. काळ्या कपड्यांतला हिरो पुलावर पोहोचला तेव्हा खाली नुसते बुडबुडे उरले होते.

"ओके," कानसेन म्हणाला. "हेच हवं होतं. पुढे चला."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. बारीकसारीक आवाज टिपतो म्हणून स्टुडिओतल्या पोरांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं, पण भुंग्या म्हणजे मावशींचा मुलगा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तान्हा असताना दूध पिता पिता गुणगुणायचा म्हणून भुंग्या. पुढे मिशा आल्या, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, तरी घरात तो भुंग्याच राहिला. गेल्या वर्षी तो कामावरून बसनं घरी येत होता. नदीवरच्या पुलाचा कठडा तोडून ती बस खाली गेली. पुलाच्या अलीकडेच एक स्टॉप होता. कधीकधी तो तिथे उतरून चालत घरी यायचा, तेवढेच पाय मोकळे होतात म्हणून. त्या दिवशी उतरला नाही.

स्टुडिओत सुपरहिरोंच्या सिनेमांचे दोनच प्रकार मानत. एक अंधारवाले आणि एक चमचमवाले. अंधारवाल्यांत सतत पाऊस, हिरो घशातून बोलतो, गर्दी बहुतेक मरते आणि संध्याकाळी कुणाच्याही गळ्यातून आवाज निघत नाही. चमचमवाल्यांत अख्खं शहर आडवं होतं, पण कुणाला खरचटत नाही. गर्दीनं एकदा "अय्यो" म्हणायचं, एकदा टाळ्या वाजवायच्या आणि डबा खाऊन घरी जायचं. पैसे दोन्हीकडे सारखेच, म्हणून सगळे चमचमवाल्याची वाट बघत. मावशींचं उलटं होतं. भुंग्या गेल्यापासून त्या अंधारवाली कामं मागून घेऊ लागल्या होत्या.

"तिथे मेलेला माणूस मेलेला असतो," त्या म्हणायच्या. "हिरो निदान त्याच्यासाठी तोंड पाडून बसतो. त्या दुसऱ्यात आपला दात काढत उडतोय."

तो बुडणाऱ्या बसचा सिनेमा लागला तेव्हा नात हट्ट धरून बसली, की आजीचा आवाज ऐकायचा. आपण या सिनेमात काय ओरडलोय ते मावशींनी घरी सांगितलं नव्हतं. एवढ्या कल्लोळात एक हाक कुठे ऐकू येणार, अशी त्यांची समजूत होती. शिवाय त्या दिवशी त्यांचं काम होतं, म्हणून सून आणि नात, मायलेकी दोघीच गेल्या.

परत आल्यावर सुनेनं चप्पलही काढली नाही. नात मात्र सरळ मावशींच्या मांडीवर येऊन बसली.

"आजी, बाबाची बस पण अशीच पडली होती?"

 मावशींनी सुनेकडे पाहिलं.

"सगळ्या थिएटरात घुमली तुमची हाक," सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. "पुढचे मागचे सगळे आवाज बंद आणि एकटं भुंग्या. मी खुर्चीत बसल्या जागी गार पडले, आई."

"मुद्दाम नाही गं केलं. निघून गेलं तोंडातून."

"निघून गेलं, ते कळतंय मला. पण मी तिला अजून पूल म्हणून काही सांगितलं नव्हतं. अपघात झाला एवढंच सांगितलं होतं."

"कधीतरी कळायचंच होतं ना? ते चमचमवाले बघून तिला वाटेल, वरून कुणीतरी येतो आणि बस धरतो. खोटं आहे ते सगळं."

"खोटं तर दोन्हीकडे आहे," सून म्हणाली. "माणूस दोन्हीकडे उडतो. तुमच्यातला उडून उशिरा येतो, म्हणून तो खरा झाला का?"

 सून खाली बसली आणि चपलेचा पट्टा सोडता सोडता बोलत राहिली. बहुधा ते तिनं बरेच दिवस मनात घोळवलं असावं.

"तो गेलाय हे मला कुणी दाखवायला नको. रोज सकाळी उठले की तेच पहिलं आठवतं. मग दोन तास मी आणि ही काहीतरी वेडगळ बघून हसलो, तर काय बिघडलं? पण आम्ही हसलो की तुमच्या खोलीचं दार लागतं. आपटत नाही तुम्ही, हळूच लावता. मला ऐकू येतं ते. या घरात हसायची चोरी झालीय, आई."

 दार मावशी लावत होत्या, हे खरंच होतं.

"दादाच्या गावात नोकरी मिळतेय मला. हिची सहामाही झाली की आम्ही तिकडे जाऊ. भांडून नाही जात. पण जाते."

मावशींना वाटलं, हिचे पाय धरावेत. त्यांनी धरले नाहीत. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या आणि नातीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. नातीचं दोघींच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं, तिचं वेगळंच काहीतरी चाललं होतं.

"आजी, तू त्या पिक्चरमध्ये कशाला हाक मारलीस? त्यात तर कुणी वर येतच नाही. दुसऱ्या पिक्चरमध्ये मार ना. त्यात सगळे उतरतात."

त्यानंतर चमचमवाल्याचं काम आलं, तेव्हा मावशींनी ते आपणहून मागितलं. कानसेन चकित झाला. "मावशी, ताप वगैरे नाही ना?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "बरं झालं आलात. तुम्हाला या वेळी वाक्य आहे. एकच आहे, पण थिएटर डोक्यावर घेतील."

त्यानं तुकडा दाखवला. याही सिनेमात पूल होता, याही सिनेमात बस होती. बस कठडा तोडून अर्धी बाहेर लोंबकळली, तेवढ्यात पिवळ्या कपड्यांतल्या हिरोनं तिचा मागचा बंपर एका हातानं धरला. दुसऱ्या हातात त्याचं आइस्क्रीम होतं. त्यानं बस उचलून रस्त्यावर ठेवली आणि बंपरला पोचा आला म्हणून ड्रायव्हरची माफी मागितली. मग खिडकीतून एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. ती म्हातारी म्हणजे मावशी.

"वाक्य असं आहे," कानसेन म्हणाला. "अहो, मला मागच्याच स्टॉपवर उतरायचं होतं."

मावशींनी हेडफोन नीट केला. लाल दिवा लागला. म्हातारीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मावशींच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

पुन्हा दिवा लागला. या वेळी "मला मागच्याच" इथपर्यंत गाडी आली आणि तिथेच अडली. ज्या बाईनं इतकी वर्षं न अडखळता प्राण सोडले होते, तिला एक विनोद बोलता येत नव्हता. मरायचं म्हटलं तर त्या आत्ता, या क्षणी मरून दाखवतील. पण मागचा स्टॉप त्यांना ओलांडता येईना. तिथे तो उतरला असता तर. फक्त तेवढंच झालं असतं तर. हिरो नको होता, बंपर धरणारा कुणी नको होता.

कानसेन काचेपलीकडून उठून आत आला. तो सहसा आत येत नसे.

"मावशी, बरं नाही का? त्या वाक्याचं काय मोठंसं, दुसऱ्या बाईकडून घेऊ. तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा."

"नको," मावशी म्हणाल्या. "मला जरा बसू दे."

त्या खुर्चीत बसल्या. कशी बोलेल ही म्हातारी? मरता मरता वाचलीय आणि तक्रार स्टॉपची करतेय. अशी तक्रार करणारी बाई त्यांना चांगली ठाऊक होती. मावशी स्वतः अशाच होत्या. बसमध्ये कंडक्टरशी, बाजारात भाजीवाल्याशी त्या हुज्जत घालत, आणि घरी आल्यावर भुंग्या डोक्यावर टॉवेल घेऊन त्यांची नक्कल करी. नाक वर, आवाज बारीक, शेवटचा शब्द ताणलेला. सून हसून हसून भिंतीला टेकायची. "मी अशी बोलते होय रे मेल्या?" मावशी विचारायच्या, तर तेही तो जसंच्या तसं म्हणून दाखवायचा.

त्या उठल्या. लाल दिवा लागला. मावशींनी नाक वर केलं आणि लेकानं केलेली आपली नक्कल जशीच्या तशी केली.

"अहो, मला मागच्याच स्टॉपवर उतरायचं होतंऽऽ!"

कानसेन खुर्चीत मागे रेलून हसला. माइकभोवतीची गर्दीही हसली. मावशींनी दोन्ही हात पदरात घेतले.

मग गर्दीचं काम राहिलं होतं. बसचं दार उघडतं, एकेक जण खाली उतरतो, घरची माणसं धावत येतात. सगळे आनंदानं कालवा करत होते. मावशी माइकच्या जरा जवळ सरकल्या. त्या ओरडल्या नाहीत. संध्याकाळी दाराशी चपलांचा आवाज आला की ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात बोलल्या.

"भुंग्या, आलास? हातपाय धू, पान वाढलंय."

दिवा विझला. कानसेननं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हे नाव त्यानं पूर्वी कुठल्या सिनेमात ऐकलं होतं ते त्याला आठवलं असावं. त्या दिवशी मावशींना चहा त्यानंच आणून दिला.

सिनेमा लागायच्या थोडे दिवस आधी तो जिन्यात भेटला. "मावशी, ते तुमचं शेवटचं वाक्य गेलं, हाकेचं," तो म्हणाला. "म्हातारीचं वाक्य आहे, पण तिथून पुढे त्यांनी बँडच्या गाण्यानं सगळं भरून टाकलंय. गर्दीचा एक आवाज ठेवला नाही. मी सांगून पाहिलं."

"असू दे रे," मावशी म्हणाल्या. "तू तरी काय करणार."

निघायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "चला आई, तिघी जाऊन येऊ." घरात खोकी बांधून ठेवलेली होती. त्या खोक्यांमधून वाट काढत त्या बाहेर पडल्या.

थिएटर पोरांनी भरलं होतं. नात मधे बसली, एका बाजूला आई, एका बाजूला आजी. पूल आला तशी नातीनं मावशींचं मनगट घट्ट धरलं. आपली हाक काढून टाकलीय हे मावशींनी तिला सांगितलं नव्हतं, धीर झाला नव्हता. बस लोंबकळली, हिरोनं बंपर धरला, आइस्क्रीम सांडलं नाही. म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "अहो, मला मागच्याच स्टॉपवर उतरायचं होतंऽऽ!" सगळं थिएटर खदखदलं. नातीपलीकडून सुनेचं हसणं आलं, पूर्वीसारखं, भिंतीला टेकून हसायची तसं. ती कुणाचा आवाज ऐकून हसतेय, ते मावशींना समजलं. हसता हसता ते हसणं मधेच ओलं झालं, पण थांबलं नाही.

बसचं दार उघडलं. माणसं उतरू लागली आणि बँड सुरू झाला. ढोल, पिपाण्या, टाळ्या. त्यात कुणाचीही हाक नव्हती. नात पुढे सरकून, मान वर करून, उतरणारा एकेक माणूस निरखत होती. शेवटचा माणूस उतरला तेव्हा ती मावशींच्या कानाशी आली.

"ऐकलं मी, आजी. मारलीस तू हाक."

"हो," मावशी म्हणाल्या.

सून अजून हसत होती. मावशींनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, मांडीवर हात ठेवून त्या समोर बघत राहिल्या, तिचं हसणं पुरतं होईपर्यंत.