न धुतलेला एप्रन

आमच्या कुएंका शहराकडे माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याचे सगळे कपडे नदीवर नेऊन धुतात. एक चिंधी जरी तशीच राहिली तरी जीव घुटमळत राहतो. माझ्या नुबेचे कपडे मी स्वतः धुतले. नऊ वर्षांची पोर, कपडे ते किती असणार! मीच शिवलेला शाळेचा पांढरा एप्रन तेवढा सापडला नाही. वर्षभर घर पालथं घातलं.

"वहिनी, पोर अडकलीय गं कुठेतरी," नणंद तार्हेलिया येता-जाता उसासे टाकायची. मेलीच्या जिभेला काही हाड? पण मला घास गिळेना.

माझा नवरा लाउतारो चित्रकार. नुबे गेल्यापासून तो रंगांना शिवलाच नाही. गोणपाट, डांबर, राख, चुना, हेच फळ्यांवर थापत बसायचा.

"चित्र काढतोस की घर सारवतोस?" मी एकदा चिडून विचारलं.

"काढलेलं सगळं खोटं असतं, दोमितिला. वस्तू तेवढी खरी."

त्याच्या प्रदर्शनाला मी गेले ती नाइलाजानेच. समोरच्या भिंतीवर भलंमोठं काळं चित्र होतं. डांबरातून कापडाची पांढरी कड वर आली होती आणि तिच्यावर माझी वाकडी टीप. मी लाउतारोकडे वळले.

"चोरा! वर्षभर मला शोधायला लावलंस? पोरीला अडकवून ठेवलंस?" सगळे वळून बघायला लागले. बघेनात का!

"तू धुतला असतास," तो म्हणाला. "त्यावर कापुलीच्या फळांचे डाग होते. तिच्या बोटांचे."

"मग? धुवायचाच असतो! काढ तो, आत्ताच्या आत्ता."

"नाही निघणार. फाटेल." मग खाली बघत म्हणाला, "खिसा चिकटवला नाहीये. तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय."

मी हात पुढे केला तसा पहारेकरी धावत आला. "बाई, चित्राला हात लावू नका!"

"गप रे! तो खिसा मी शिवलाय."

आत कापड फळांच्या रसाने अजून चिकट होतं. तळाशी कापुलीच्या बिया लागल्या, चोखून चोखून गुळगुळीत केलेल्या. अंगणात झाडं लावायची म्हणून साठवायची कार्टी.

नदी समोरच, रस्त्यापलीकडे वाहत होती. कापड ओरबाडून नेलं असतं तर लाउतारोने मला अडवलं नसतं. पण माझा हात काही खिशातून निघेना.

"थांब गं अजून थोडी, नुबे," मी म्हटलं. "आईला नाही धुववत."