कंडक्टरला मोजत नाहीत

वादळांचे महिने जवळ आले की त्या घरात लग्नघाई सुरू व्हायची. सून एरवी घरी बसून कपडे शिवायची, पण त्या दिवसांत सुईदोरा बाजूला पडायचा आणि हातात हातोडी यायची. खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या माळ्यावरून खाली काढायच्या, पन्हळीतला पालापाचोळा उपसायचा, शिवणयंत्र टेबलावर चढवून दोरीनं जखडून टाकायचं. नवरा वीज कंपनीत लाइनमन. वादळ आलं की सगळं गाव घरात शिरायचं आणि हा तेवढा घराबाहेर पडायचा, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहण्यात काही अर्थ नव्हता.

हाताखाली दोन मुलं. थोरली खरोखर कामाची होती. धाकटा बारक्या मात्र काम वाढवण्यात पटाईत. वादळानं घाबरून परत जावं म्हणून त्यानं प्रत्येक फळीवर जीभ काढलेलं एकेक तोंड रंगवून ठेवलं होतं. त्यातलं एक हुबेहूब आजोबांसारखं दिसतं, हे सगळ्यांना कळलं होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आजोबा म्हणजे तिचे सासरे, निवृत्त बस कंडक्टर. उभा जन्म माणसं गाडीत कोंबण्यात गेलेला. स्वयंपाकघरात दोन माणसं जमली तरी यांच्या तोंडून "पुढे सरका, मागे जागा करा" निघायचंच. तयारीत त्यांचा उत्साह दांडगा. पण वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की आसऱ्याला टेकडीवरच्या शाळेत जायचं, एवढं म्हटलं की घोडं अडायचं.

"तुम्ही जा. मी आहे ना घर सांभाळायला," असं म्हणून ते आपल्या खुर्चीत बसायचे, की मग हत्ती लावले तरी हलायचे नाहीत.

गेल्या वर्षी तिनं मुलांना शेजारच्या बेकरीवाल्याच्या गाडीतून पुढे पाठवलं आणि स्वतः म्हाताऱ्याजवळ थांबली. निम्मं छप्पर उडालं, दोघं मोरीत अंग चोरून बसली. सासरे तेव्हा मिश्किलपणे म्हणाले, "बघ, काही झालं का आपल्याला?" तिला मात्र हसू आलं नाही. थोरली शाळेत भावाला पोटाशी धरून बसली होती आणि आई दिसेपर्यंत तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर म्हाताऱ्याजवळ थांबायचं की पोरांबरोबर जायचं? या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून या वर्षी तिनं फर्मान काढलं, रविवारी सकाळी रंगीत तालीम करायची. थोरलीनं परात बडवली की भोंगा झाला असं समजायचं आणि निघायचं. बेकरीवालाही हौशी माणूस. त्यानं पावाचे ट्रे काढून गाडी दारात आणून उभी केली.

परात वाजली मात्र, आणि जी तारांबळ उडाली ती विचारू नका. बारक्या एका पायात चप्पल घालून धावला. थोरली पिशव्या घेऊन आली आणि दार उघडंच टाकून आली. सून गाडीत चढली, पाण्याचे कॅन आठवले म्हणून उतरली, तोवर बारक्या मांजर शोधायला परत घरात! बेकरीवाला स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

आजोबा खुर्चीतून हे बघत होते. जिंदगीभर शिस्तीत गाडी भरणाऱ्या माणसाला ते कसं सोसावं? ते ताडकन उठून बाहेर आले.

"काय हा बाजार मांडलाय! उतरा सगळे खाली. सामान आधी, माणसं नंतर. थोरले, तू आत जाऊन बस. बारक्याला खिडकीशी बसू देऊ नकोस, तो बाहेर पडेल. सूनबाई, दाराला कुलूप लाव. मांजराचं मी बघतो."

बघता बघता गाडी झकास भरली. मांजरसुद्धा टोपलीत मुकाट बसलं. आजोबांनी दारातून आत वाकून बोट फिरवलं.

"एक, दोन, तीन. झाले सगळे." त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून पत्र्यावर दोन थापा मारल्या. "जाऊ द्या!"

बेकरीवाल्यानं थापा ऐकल्या आणि गाडी सोडली. आजोबा रस्त्यात उभे.

"थांबवा, थांबवा!" सून ओरडली. गाडी कचकन थांबली. ती खाली उडी मारून मागे धावली. "बाबा, मोजायला चुकलात तुम्ही. आपण चार आहोत."

"छे गं. कंडक्टरला मोजत नाहीत."

"आमच्यात मोजतात."

म्हातारा खाली बघत म्हणाला, "अगं पोरी, त्या शाळेत माणसांना पाय पसरायला जागा नसते. माझं सगळं जगून झालं. एकाची जागा कशाला अडवू?"

इतकी वर्षं घर सांभाळायच्या नावाखाली हे चाललं होतं तर! तिला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

"तुमच्यापायी मी गेल्या वर्षी पोरांना सोडून थांबले, बाबा. तुम्ही राहिलात की मी राहते. म्हणजे तुम्ही एक नाही, दोन जागा रिकाम्या ठेवता. आणि माझ्या पोरांना आई नसते."

गाडीतून बारक्याचा आवाज आला, "आजोबा, चढा ना! माझा पाय आखडला!"

आजोबा खाकरले, तिच्या खांद्याला धरून सावकाश चढले आणि बारक्याला मांडीवर घेऊन बसले. पुन्हा बोट फिरवलं. एक, दोन, तीन. मग बोट हवेतच थांबलं, आणि ते त्यांनी हळूच आपल्याच छातीवर टेकवलं.

"चार," ते पुटपुटले.

थोरलीनं टाळ्या वाजवल्या. गाडी चढाला लागली तसे म्हाताऱ्याचे डोळे ओले दिसायला लागले, आणि ते लपवायला त्यांनी कुरकुर सुरू केली. "असा कसा निघालो मी? अंगावरच्या कपड्यानिशी! ना गोळ्या, ना स्वेटर."

"तुमच्या पायाशी ती निळी पिशवी आहे ना," सून म्हणाली, "त्यात आहे सगळं. दर वर्षी भरते मी."