एका हाताचे एकतीस अर्ज

माझे वडील आळंदच्या तहशील कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. निजामाच्या काळात उर्दूत लिहिले, पुढे राज्य बदललं तसे मराठीत आणि कानडीत. सतरंजी मात्र तीच राहिली. ते म्हणायचे, "शिवशंकरा, साहेब अर्ज वाचत न्हाई. साहेब अक्षर बघतो." आमच्या भागात स्वतःचा अर्ज स्वतः लिहिणारा माणूस मी लहानपणी पाहिलाच नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं लिहायचं आणि ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं खाली सही नाहीतर अंगठा करायचा. सही झाली की कागद त्याचा झाला. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही, आणि मी मास्तर होतो.

खजुरीच्या मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं घासली. पोरं मराठीतून मॅट्रिक व्हायची आणि पुढे अडायची. आमच्या कर्नाटकात गुलबर्ग्याला जावं तर कानडी नाहीतर इंग्रजी. उमरग्याच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात, घरी बसून टपालानं बी.ए. करता यायचं, पण ते तिकडच्या रहिवाशांना. मधे सरहद्द म्हणून एक ओढा आहे. म्हशी तो रोज ओलांडतात, त्यांना कुणी रहिवासाचा दाखला मागत नाही.

पलीकडच्या विद्यापीठाचे उंबरठे मी दोन वर्षं झिजवले. शेवटी तिथल्या साहेबांनी तोंड उघडलं. ओढ्याच्या तुमच्या बाजूला अभ्यासकेंद्र काढा, खोली आणि पुस्तकं दाखवा, रविवारी येणाऱ्या प्राध्यापकांची तीन वर्षांची तजवीज करा, मग तुमची पोरं आमची. पैशाची तजवीज कोण करणार? इकडचे म्हणाले, मराठीचं काम तिकडे सांगा. तिकडचे म्हणाले, तुम्ही आमच्यात कुठे आहात? मग हॉलंडमधल्या एका संस्थेचा पत्ता मिळाला. खेड्यातल्या लोकांच्या शिक्षणाला ती मदत करायची. हॉलंड कुठे आहे हे मी भूगोलात वीस वर्षं शिकवलं होतं, पण तिथून कुणी आपल्याला पत्र लिहील असं कधी वाटलं नव्हतं.

तिकडून उत्तर आलं ते चांगुणाच्या हातच्या अर्जाला.

चांगुणा पिराजीची मुलगी. पिराजीनं छप्पन्न साली बुद्धाचा धर्म घेतला. थोरला मारोती त्याआधीचा, म्हणून त्याचं नाव तेच राहिलं. चांगुणाला आजीचं नाव मिळालं. उमरग्याला मावशीकडे राहून ती मॅट्रिक झाली, पुढे अक्कलकोटला दिली. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ही पेटी उचलून परत आली आणि बालवाडीत पोरं सांभाळू लागली. पिराजी तोवर गेला होता. अक्षर म्हणाल तर छापील पुस्तकानं लाजावं. गावातली सगळी पत्रं, लग्नपत्रिकांचे पत्ते, सोसायटीचे ठराव तिच्याच हातचे.

मारोती वाईट माणूस नव्हता, पण घरात सहा तोंडं होती. सोलापूरच्या एका बिजवराचं स्थळ त्यानं धरून ठेवलं होतं. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत चांगुणा मला शाळेत येऊन म्हणाली, "गुरुजी, दादानं शबूद दिलाय. केंद्र निघालं तर तीन वरसं ऱ्हा म्हणतोय. बी.ए. झाले की मी शाळंत लागते, त्याला भार न्हाई. न्हाई निघालं तर वैशाखात सोलापूर."

"निघंल की. कामून न्हाई निघणार?" मी म्हणालो. देवळाच्या पायरीवर बसल्यासारखा बेफिकीर म्हणालो.

संस्थेचे पुण्याचे साहेब जानेवारीत आले. शांत माणूस. शाळेत बसले, भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी खाल्ली, ओढा पाहून हसले. पोरांशी, बायकांशी बोलले. त्या आधी पोलीसही येऊन गेला होता, कारण परदेशचा पैसा घ्यायचा तर दिल्लीला विचारावं लागतं. त्याचा एकच प्रश्न होता, हॉलंडवाले गावात काय बांधणार आहेत. निघताना साहेब मला म्हणाले, "गुरुजी, सगळं मला पटलं. फक्त प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पान पाठवा, त्याला का शिकायचंय ते. त्यानं स्वतः लिहिलेलं. मोडकंतोडकं असलं तरी चालेल."

हे मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं. न ऐकल्याचा बहाणा आज करत नाही. पण मनात म्हणालो, साहेब मोठ्या मनाचे आहेत, म्हणून असं बोलतात. पाहुणा म्हणतो काहीही वाढा, म्हणून आपण त्याच्यापुढे शिळं ठेवतो का? हॉलंडला आमच्या गावाचं नाव जाणार आणि कागदावर कोंबडीचे पाय उमटलेले जाणार, हे माझ्या जिवाला मानवेना.

चार दिवस चांगुणा शाळेच्या ओट्यावर बसली. एकेक जण येऊन तिला सांगायचा आणि ती लिहायची. सांगितल्यापेक्षा एक शब्द कमी नाही, जास्त नाही. बसव्वानं सांगितलं, मला मुलांपुढं कमी पडल्यासारखं होतं. निंगप्पा म्हणाला, गिरणी चालवतो पण डोकं रिकामं राहतं. कल्लप्पा म्हणून एक मळेवाला होता, तेवढा आडवा आला.

"गुरुजी, सायबानं सोताच्या हातानं लिव्हा म्हटलंय. मी माझं लिव्हतो."

"तुझं अक्षर तुला तरी वाचता येतं का रं?" मी त्याला झापलं. "सही करायलास न्हवं? मग झालं की तुझं."

चांगुणानं मान वर केली. "गुरुजी, कल्लूअण्णा बरुबर बोलायलाय का काय?"

"तू लिही," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. स्वतःचा कागद तिनं सगळ्यात शेवटी, दिवे लागायच्या वेळी लिहिला. मला टपालाची घाई होती. एकतीस सह्या मोजल्या आणि पाकीट चिकटवलं. तिचा कागद वाचलाही नाही.

मार्च संपता संपता जाड पाकीट आलं. हाताला जाड लागलं म्हणून मी पोस्टातच हसलो. आत आमचेच एकतीस कागद होते आणि वर साहेबांचं पत्र. त्यांनी लिहिलं होतं की समितीपुढे हे कागद ठेवल्यावर एका बाईंनी ते शेजारी शेजारी मांडले. अक्षर एक, शाई एक. साहेबांनी परोपरीनं सांगितलं की माणसं आपण डोळ्यांनी पाहिली आहेत, पण समितीचं मत पडलं की विद्यार्थी एकच असावा आणि बाकी नावं भरतीची. पुढची बैठक वर्षानं. मला फार वाईट वाटतं, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. आमच्याकडची रीत सांगितली, वडिलांची सतरंजी सांगितली, चूक माझी म्हणून कबूल केलं. साहेबांचं उत्तर सभ्य होतं, पण बैठक वर्षानंच होती.

मारोतीच्या पायाशीही गेलो. एक वर्ष थांब म्हणालो. तो खाटेवर सरकून मला जागा देत म्हणाला, "गुरुजी, तुमी म्हनला दिवाळीला. मग म्हनला होळीला. सोलापूरवाले थांबत न्हाईत. माझ्या बी पोरी हायत."

चांगुणा दारात उभी होती. मला वाटलं ती रडेल, निदान एखादा शब्द टाकून बोलेल. ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो चहा मी कसा प्यालो ते माझं मला माहीत. वैशाखात तिचं लग्न झालं. लग्नपत्रिकांवरचे पत्ते तिनंच लिहिले होते. माझ्या घरच्या पत्रिकेवरही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा कागद धाडले. या वेळी एकेकाला समोर बसवून त्याच्याच हातानं लिहून घेतले. तीसच भरले. कल्लप्पाचा कागद तर उलटासुलटा धरून पाहावा असा होता. अर्ज पहिल्या झटक्यात मंजूर झाला. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेच्या मागच्या खोलीत केंद्र सुरू झालं. हार घातले, पेढे वाटले. मी भाषण करायला उभा राहिलो आणि काय बोलायचं ते विसरून खाली बसलो. लोकांना वाटलं गुरुजींना आनंद आवरेना.

दुसऱ्या आठवड्यात प्रवेशाचा फॉर्म घेऊन सोलापूरला गेलो. चांगुणा दारात सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. बोटं तंबाखूनं पिवळी झालेली. तिनं हात पुसून पाणी दिलं, गावाकडच्या एकेकाची चौकशी केली. केंद्र निघालं म्हटल्यावर तिला खरंच बरं वाटलं; तोंडावर दिसलं. मी फॉर्म पुढे केला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला.

"रोजच्या हजार विड्या हायत, गुरुजी. आन् हे घर महाराष्ट्रात हाय. आता मला ओढा आडवा न्हाई, तर येळ न्हाई."

मी म्हणालो, "चांगुणा, माझ्यामुळं झालं हे. एकतीस जणांचं मी घालवलं."

"एकतीस जणांचं कुठं?" ती सूप ओढून घेत म्हणाली. "त्यांचं वरीस गेलं फकस्त. एकतीस जणांचं लिव्हलं एकीनं, आन् गेलं बी एकीचंच." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. मग तिनं सहज विचारलं, "माझा कागद वाचलाव का तुमी तवा?"

मी वाचला म्हणालो. आयुष्यभर पोरांना खरं बोला सांगितलं आणि तिच्यापुढे खोटं बोललो.

रात्री घरी येऊन ट्रंकेतून तो गठ्ठा काढला. तिचा कागद सगळ्यात खाली होता. बाकीच्यांची पानं भरलेली, हिच्या तीनच ओळी. अक्षर तसंच, मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही.

"माझे अक्षर चांगले आहे असे सर्वजण म्हणतात. आजवर ते सर्वांच्या उपयोगी पडले. आता ते माझ्या उपयोगी पडावे, एवढीच विनंती."

खाली सही होती. तीसुद्धा तिच्याच हातची.