बावीस बाहुल्या, पूर्ण उंचीच्या

श्योक-उनताईला एक्क्याऐंशीव्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. गावातलं जुनं नाट्यगृह सरकारने दुरुस्त केलं होतं, आणि तिथे खेळ केलेल्या सगळ्या मंडळींची नावं भिंतीवर कोरली जाणार होती. त्यात आमच्या संगीत नाटक मंडळीचं नाव यावं आणि खाली तिचं. अकरा वर्षं तिने त्या रंगमंचावर पुरुषवेशात नायक उभा केला होता. मी त्याच मंडळीतला विदूषक.

यादी आली. आमचं नावच नाही. आमच्या अकरा वर्षांवर ‘पंचरंगी मेघ बाहुली मंडळी’ बसलेली.

यात खोटं काही नव्हतं, हाच त्रास होता. त्या काळी नव्या मंडळीला परवाना मिळत नसे. मग ज्याची मंडळी मोडली असेल त्याचा परवाना घ्यायचा, दारावर त्याची पाटी लावायची आणि आत आपलं गायचं. सगळेच असं करायचे. आम्हाला ओंग बू-सेंग भेटले. हातात घालायच्या बाहुल्यांचा खेळ करायचे, बोटं आखडली तेव्हा पेटी बंद करून सोयाबीनचं दूध विकायला लागले. आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनी आपला परवाना वापरायला दिला. नावाला बट्टा लावू नका, एवढंच म्हणाले.

हे सगळं आम्ही कार्यालयातल्या शूबाईंना तीनदा सांगितलं. पोरगी तिशीची, गोड बोलायची, चहा द्यायची आणि कागदाबाहेर पाऊल टाकायची नाही. तिला आमच्या नाटकाची संहिता हवी होती. संहिता कुठली? दुपारी मंडळीचे मास्तर गोष्ट सांगायचे आणि संध्याकाळी आम्ही ती तोंडाला येईल तशी उभी करायचो. फोटो दिला, तर ताईच्या डोक्यावर बाहुली मंडळीचीच पाटी.

तिसऱ्या वेळी शूबाईंनी पोलिसांच्या तपासणीचा जुना कागद काढला. तपासनिसाने लिहिलं होतं: ‘बाहुल्या बावीस. पूर्ण उंचीच्या. आवाज उत्तम.’ मी कपाळाला हात लावला. तो माणूस रोज पहिल्या रांगेत बसायचा, ताईच्या गाण्यावर जीव टाकायचा. आमचा खेळ बंद पडू नये म्हणून भल्या माणसाने हे लिहून ठेवलेलं.

“इतक्या मोठ्या बाहुल्या फार दुर्मीळ असतात, आजी,” शूबाई म्हणाल्या. “आता कुठे असतील? प्रदर्शनात ठेवता येतील.”

“एक तुझ्यापुढे बसलीये,” ताई म्हणाली. “दुसरा हा. गुडघे गेलेत त्याचे, उचलताना जप.”

शूबाई हसल्या, आणि पुरावा लागेल म्हणाल्या. परवानावाल्याच्या वारसाने लेखी द्यावं, की परवाना दुसऱ्यांनी वापरला. मग नोंद बदलेल.

वारस म्हणजे नातू, क्वान-तिंग. आजोबांचंच दुधाचं दुकान चालवतो. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने कार्यालयाचं पत्र पुढे ठेवलं. आजोबा कलावंत होते हे घरात कुणी कधी मानलंच नाही, त्याचा बापसुद्धा हसायचा. आता भिंतीवर आजोबांच्या मंडळीची अकरा वर्षं लागणार होती. समारंभासाठी त्याने कोट शिवायला टाकला होता. मी बोलणार, तोच ताईने टेबलाखाली माझा पाय दाबला आणि त्याच्याकडे दुधाचा आणखी एक वाडगा मागितला.

बाहेर आल्यावर मी भडकलो. तीन महिने मला ऑफिसच्या पायऱ्या चढायला लावल्या, आणि लिहून देणारा समोर आला तर दूध पिऊन परत? वेड लागलं का, म्हटलं.

“त्याच्या आजोबांनी नाव दिलं तेव्हा विचारलं होतं का, परत कधी देणार?” ती म्हणाली. मग बसथांब्यापर्यंत नाक पुसत राहिली आणि धुळीला शिव्या देत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यालय. ताईने शूबाईंना विचारलं, बाहुली मंडळीच्या भिंतीवरच्या नोंदीत बाहुल्यांची नावं लिहायला जागा असते का? असते, शूबाई म्हणाल्या, ‘प्रमुख बाहुली’ असा रकाना असतो; आजीला नाव आठवतंय का?

“आठवतंय. लिही. श्योक-उन.”

शूबाई फार खूश झाल्या. त्यांनी नीट अक्षरात लिहिलं. “आणि कशाची होती? लाकडाची?”

“आता नुसती हाडं राहिलीत,” ताई म्हणाली. “पण तू लाकूडच लिही.”

मी म्हटलं, विदूषकाचंही एक नाव होतं, तेही घ्या. शूबाईंनी कागद पुन्हा पाहिला. रकान्यात एकच नाव बसतं, म्हणाल्या, आणि माझ्यापुढे चहा सरकवला.