माळ्यावरची वस्ती

दिवसभर मी बसमध्ये तिकिटं फाडते. धूर खाते, धूळ खाते, प्रवाशांची बोलणी खाते. छाती शाबूत. घरी येऊन चपला काढल्या की घरघर सुरू. शेजारीण म्हणाली, सासरचा जाच असेल. तसं असतं तर बरं होतं, भांडून मोकळी झाले असते.

डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासलं. म्हणाल्या, "झुरळांची ॲलर्जी आहे. त्यांची घाण, टाकलेली कात, मेलेली अंगं, सगळ्याची धूळ होते आणि तुमच्या छातीत जाते. औषधाचा पंप चालू ठेवा, पण घरातली झुरळं घालवा."

घरी हे सांगितलं तर नवऱ्याने गुपचूप माळ्याकडे बघितलं. माळा म्हणजे अण्णांचं राज्य. अण्णा माझे सासरे. सामान हलवणाऱ्या कंपनीत जन्मभर पॅकर होते. पंखा, इस्त्री, मिक्सर, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा खोका त्यांनी जपलाय. मिक्सर कधीच मेला, खोका जिवंत! का, तर घर बदलताना वस्तू उघड्या न्यायच्या का? स्वतःच्या लग्नापासून याच घरात राहणारा माणूस हे विचारतो.

"खोके जातील, नाहीतर मी दादाकडे जाईन," मी म्हणाले. "तिथे मला आडवं होऊन झोप लागते. इथे उशा रचून बसावं लागतं."

"एवढ्याशा किड्याला घाबरून घर सोडतेस, सूनबाई?"

"घाबरत नाही अण्णा, खाते. तुमची झुरळं मी रोज नाकाने खाते."

नवरा जेवत होता. त्याने ताट सरकवलं.

अण्णांनी तोडगा काढला तो खास पॅकरचा. झुरळं आत आहेत ना, मग आतच कोंडू! स्टोव्हवर पिठाची खळ शिजवली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि खोक्यांची एकूण एक फट चिकटवून टाकली. हात असे चालत होते की बघत राहावं. "आता वारा शिरणार नाही," म्हणाले. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. बैलांसारख्या.

आठवडा झाला नसेल, मला असा दम लागला की नवऱ्याने रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. तोंडावर मास्क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात नवीन काय झालं? नवऱ्याने खळीचं सांगितलं.

"अहो, पिठाची खळ म्हणजे त्यांचं जेवण! तुम्ही पंगत मांडलीत."

मास्कमध्ये हसता येत नाही, रडताही येत नाही. मी तिथूनच दादाकडे गेले.

एके दिवशी अण्णा दादाच्या दारात उभे. चहा पुढे ठेवला तरी कप उचलेनात.

"मिक्सरचा खोका उघडला," ते म्हणाले. "पट्ट्या कुरतडलेल्या. तळाशी मिरपूड सांडल्यासारखं काळं काळं. म्हटलं, खोक्यात मिरपूड कुठून आली? मग कळलं." माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हे खात होतीस?"

"रोज."

त्यांनी कप उचलला, परत ठेवला.

"सगळे खोके प्लास्टिकच्या पोत्यांत बांधून घराबाहेर काढले. एक नाही ठेवला. फटींत झुरळांचं जेल लावलंय. फवारा आणला नाही, तुला त्रास होईल. मोरीचा गळका नळ बदलला. कचऱ्याच्या डब्याला झाकण आणलंय. चल घरी."

"लगेच बरं वाटणार नाही, अण्णा. झुरळं गेली तरी धूळ महिनोन् महिने राहते."

"मग महिनोन् महिने पुसू. ओल्या फडक्याने. झाडू नाही, त्याने उडते. मीपण डॉक्टरीणबाईंना विचारून आलोय, तुलाच तेवढं समजतं असं नाही."

माझे कपडे भरायला ते सवयीने पुढे सरसावले.

"हात लावू नका," मी म्हणाले. "बॅग माझी मी भरते. तुम्ही तोवर फडकं पिळायची सवय करा."