पाव फेरा

जगात अशी गळती नाही, जी नानांपासून लपून राहिली. पाणीखात्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन म्हणून काढलेल्या माणसाचं हे म्हणणं होतं, आणि पाणीखात्यात ते कुणी खोडून काढलेलं नव्हतं. आज सकाळी ते पुन्हा एकदा मांडताना नाना लेकीच्या हॉलमध्ये, फरशीला पाठ टेकून, हवा गेलेल्या गादीत गुरफटून पडले होते. दूध आणायला निघालेला जावई सासऱ्यांवरून ढांग टाकावी की वळसा घालावा, या विचारात उभा होता.

"नाना, आजही?"

"आजही. पण आज मी तिला सोडत नाही."

नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. एका खोलीत लेक-जावई, दुसरीत जावयाची आई, म्हणजे विहीणबाई. म्हणून नानांसाठी हॉलमध्ये ही हवेची गादी. रोज दुपारी जावई नाहीतर लेक पायपंप दाबून ती फुगवायची. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी नानांना बजावलं होतं. तरी बूच लावायचा मान त्यांनी कुणाला दिला नव्हता. "बंद करणं माझ्याकडे," ते खुर्चीतून सांगायचे. मग गादीचं तोंड उचलून त्यांच्या हातात दिलं जायचं आणि नाना ते फिरकीचं बूच असं आवळायचे, की जणू अर्ध्या गावाचं पाणी बंद होतंय.

चहा झाल्यावर तपास सुरू झाला. नानांनी मगात साबणाचा फेस केला, गादी पुन्हा फुगवून घेतली आणि मांडीवरून एकेक वीत पुढे सरकवत स्पंजनं पुसली. कुठे बुडबुडा येईना. दुसरा कुणी असता तर भोक नाही असं म्हणाला असता. भोक लबाड आहे, असं नाना म्हणाले. मग त्यांनी कान लावला. पाच ठिकाणी आवाज आला. त्यातला एक फ्रिजचा होता, पण ते नंतर कळलं. पाचही ठिकाणी काचपेपरनं घासून, सोल्युशन चोपडून त्यांनी सायकलची ठिगळं मारली. बुचाकडे तेवढे ते फिरकले नाहीत. बूच त्यांनी स्वतः लावलेलं होतं.

"तीन ठिगळं एकाच कोपऱ्यात आलीत," नाना म्हणाले. "दिवसा इथं कोण बसतं?"

कोण बसतं हे सगळ्यांना दिसत होतं. विहीणबाई त्याच कोपऱ्यात बसून विणत होत्या. त्यांच्या कमरेला ती गादी मानवली होती.

"मी बसते. मग?"

"नाही, म्हणजे... सुया म्हटलं की टोक आलंच."

"लोकर विणते हो मी, नाना. भाले नाही फेकत."

"मी कुठं तुमचं नाव घेतलं? अनुभव सांगतो. गळती नेहमी वर्दळीच्या जागी होते."

विहीणबाईंनी हातातली ओळ पुरी केली, लोकरीचा गुंडा उचलला आणि त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. स्टुलाला पाठ नव्हती. जावयानं पेपर तोंडापुढे धरला. तो कालचा होता.

लेकीनं नानांना गॅलरीत गाठलं. "बाबा, अकरा वर्षांत मी त्यांना एक शब्द लागेलसा बोलले नाही. तुम्हाला सहा दिवस पुरले?"

"अगं, मी तांत्रिक बोललो."

"मला राहायचंय इथं," लेक म्हणाली आणि कपडे वाळत घालू लागली.

दुसऱ्या दिवशी गादी पुन्हा भुईसपाट. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, नाना डोळा दाखवून परत आले तर गादी फुगवून, बूच लावून तयार होती. ते दमले होते, तसेच आडवे झाले. बुधवारी सकाळी उठले तेव्हा गादी टणक होती.

"ठिगळ मुरायला दोन दिवस लागतातच," नानांनी जाहीर केलं. जावयानं ही गोष्ट खालपर्यंत पोचवली. शेजारच्या वकिलांनी त्यांची पोहायची ट्यूब पाठवून दिली.

त्याच दुपारी लेकीनं गादीत थोडी हवा भरली आणि तोंड नानांच्या हातात दिलं. नानांनी बूच आवळलं. घट्ट झालं. आणि मग त्यांचा हात, त्यांना न विचारता, पाव फेरा मागे आला.

नाना हाताकडे बघत राहिले.

नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्या फिटरनं मनगटावर फटका मारून शिकवलं होतं: "पार आवळून ठेवशील तर उद्या अडकून बसेल, गाढवा. पाव फेरा मागं घे." पाण्याच्या चावीला ते ठीक होतं. थेंबभर गळलं तरी चावी अडकण्यापेक्षा बरं. नानांनी चौतीस वर्षं पाव फेरा मागे घेतला होता आणि गेले आठ दिवस या गादीचाही घेत होते.

कान गरम झाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लेक पंप गुंडाळत होती. नानांनी गुपचूप पाव फेरा पुढे घेतला आणि म्हणाले, "झालं."

गादी बुधवारी उतरली नाही, गुरुवारीही नाही. वकिलांची ट्यूबही नीट झाली, कारण तिला खरंच भोक होतं. जावई आल्यागेल्याला पाच ठिगळं दाखवायचा. प्रत्येक वेळी नानांना चष्मा पुसायची गरज भासायची. स्वयंपाकघरातून स्टुलाची करकर ऐकू यायची. विहीणबाई बैठक बदलत होत्या.

शुक्रवारी दुपारी लेक-जावई बाहेर गेलेले असताना नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"विहीणबाई, सुया नव्हत्या."

"बावीस, तेवीस... थांबा. चोवीस. हं?"

"बूच होतं. मीच सैल ठेवत होतो. हाताची खोड."

"ठाऊक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "मंगळवारी मीच आवळलं होतं."

नानांनी दाराची चौकट धरली. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सुनेचे वडील. तुम्ही तोंडावर पडला असतात तर मान तिची खाली गेली असती." त्यांनी सुई फिरवली. "आता तुम्हीही गप्प बसा. झालं गेलं."

"तुम्ही आधी बाहेर या," नाना म्हणाले. "तुमच्या जागेवर बसा."

बराच वेळ आढेवेढे घेऊन विहीणबाई आल्या आणि आपल्या कोपऱ्यात बसून दोन तास विणत राहिल्या. संध्याकाळी लेकीनं ते पाहिलं, काही विचारलं नाही, चहा मात्र दोघांना एकदम आणून दिला.

शनिवारी सकाळी नाना फरशीवर होते.

त्यांनी आधी बूच चाचपलं. गच्च होतं. जावई दुधाची पिशवी घेऊन उभा होता. त्यानं गादीकडे पाहिलं, मग आईच्या विणकामाकडे, आणि हळूच म्हणाला, "आई, तू काल बसली होतीस ना इथं?"

विहीणबाईंनी सुया पिशवीत घालायला घेतल्या. लेक भिंतीशी उभी होती. तिची मान खाली गेली.

"थांबा," नाना म्हणाले. फरशीवरून उठायला त्यांना वेळ लागला. कुणाचा हात त्यांनी घेतला नाही. "त्यांचा काही संबंध नाही. पहिल्या दिवसापासून नव्हता. बूच मी सैल लावत होतो. बुधवारी मला कळलं, तरी दोन दिवस तुमच्याकडून वाहवा घेत बसलो. त्यांना सगळं माहीत होतं, त्या बोलल्या नाहीत."

"मग आज हवा कशी गेली?" जावयानं विचारलं.

नानांनी तिसऱ्या ठिगळावरून बोट फिरवलं. कड सुटली होती. काचपेपर तिथं जरा जास्तच घासला गेला होता, आणि आता खरंच भोक पडलं होतं.

"हेही माझंच," ते म्हणाले.

विहीणबाईंनी सुया पिशवीतून परत काढल्या. लेकीनं कपाटावरून सतरंजी उतरवली, मागच्या बाजूला पडलेलं गादीचं खोकंही काढलं. त्यावर छापलं होतं: दोन वर्षांत काहीही झालं तर गादी बदलून मिळेल, घरी ठिगळ लावल्यास मिळणार नाही.